रणगाड्याचा जनक कोण?

परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेंत एका ठराविक सांच्याचा प्रश्न नेहमीं आढळतो : “अमुक यंत्राचा शोध कोणीं लाविला?” विद्यार्थ्यानें एक नांव लिहावें, परीक्षकानें एक गुण द्यावा, आणि दोघांनींही समाधान मानावें, असा हा व्यवहार आहे. वाफेचें यंत्र म्हटलें कीं जेम्स वॅट, हें आपण पाढ्याप्रमाणें पाठ करितों. वॅटच्या जन्मापूर्वीं चोवीस वर्षें, म्हणजे १७१२ सालीं, न्यूकोमेनचें वाफेचें यंत्र खाणींतील पाणी उपसूं लागलें होतें, याची आठवण त्या एका गुणाच्या घाईंत कोणास होत नाहीं. या पाठांतरानें स्मरणशक्तीला व्यायाम होत असेल. परंतु त्याबरोबर मनावर एक खोटा संस्कारही होतो. तो असा कीं, शोध म्हणजे एखाद्या असामान्य पुरुषाच्या डोक्यांत एकाएकीं चमकलेली वीज. इतरांनीं ती फक्त पाहावयाची. हा समज खरा नाहीं आणि निरुपद्रवीही नाहीं, असें माझें मत आहे. तें स्पष्ट करण्याकरितां मी मुद्दाम असें एक यंत्र घेतों कीं, ज्याच्या पितृत्वाचा निवाडा करण्यासाठीं एका सरकारी कमिशनास साक्षीपुरावे घ्यावे लागले. तें यंत्र म्हणजे रणगाडा. इंग्रजींत ज्यास टँक म्हणतात तो.

प्रथम त्याची गरज कशी उत्पन्न झाली तें पाहूं. १९१४ च्या ऑगस्टमध्यें युरोपांत महायुद्ध सुरू झालें, तेव्हां तें थोडक्या महिन्यांत आटपेल अशी पुष्कळांची अटकळ होती. ती फसली. वर्षअखेर स्वित्झर्लंडच्या सरहद्दीपासून उत्तर समुद्रापर्यंत दोन्ही सैन्यें खंदक खणून समोरासमोर बसलीं. मध्यें ओसाड जमीन, तिच्यावर कांटेरी तारांचें जाळें आणि पलीकडे मशीनगन, असा तो देखावा होता. मिनिटास पांचशें गोळ्या झाडणाऱ्या त्या बंदुकीपुढें मोकळ्या रानांतून चालत जाणें म्हणजे मरणाला सामोरें जाणें होय. १ जुलै १९१६ रोजीं, सोमच्या लढाईच्या पहिल्याच दिवशीं, ब्रिटिश सैन्याची ५७,४७० माणसांची हानि झाली. त्यांपैकीं १९,२४० जण मरण पावले. त्याच रणांगणांत १४ जुलै रोजीं आपल्या हिंदी सैन्यांतील डेक्कन हॉर्स या रिसाल्याचे स्वार हाय वुड नांवाच्या रानाजवळ भाले सरसावून शत्रूवर चालून गेले. त्यांच्या धैर्यांत कांहीं उणें नव्हतें. परंतु घोड्याची छाती आणि मशीनगनची गोळी यांचा सामना बरोबरीचा नव्हता.

या कोंडींतून वाट काढावयाची तर तीन गोष्टी एके ठिकाणीं याव्या लागणार होत्या : गोळीस दाद न देणारें कवच, वाट नसलेल्या जमिनीवर चालणारी गाडी, आणि रुंद खंदक ओलांडण्याची युक्ति. या तिहींपैकीं एकही गोष्ट एका माणसाकडून आली नाहीं, हेंच मला दाखवावयाचें आहे.

नुसती कल्पना पाहूं गेलें तर ती फार जुनी आहे. इटलींतील प्रसिद्ध चित्रकार लिओनार्दो दा विंची यानें १४८७ च्या सुमारास कासवाच्या पाठीसारखें आच्छादन असलेल्या एका तोफांच्या गाड्याचें चित्र काढिलें होतें. आंतील माणसांनीं हातांनीं दांडे फिरवून तो चालवावयाचा होता. परंतु चित्रांत दाखविल्याप्रमाणें दांतेरी चाकें बसविलीं, तर पुढचीं व मागचीं चाकें एकमेकांच्या उलट फिरतील आणि गाडा जागच्या जागीं राहील! पुढें १९०३ च्या डिसेंबरांत एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकानें ‘स्ट्रँड’ मासिकांत एक गोष्ट लिहिली. तींत लोखंडी चिलखत घातलेलीं प्रचंड वाहनें खंदक ओलांडून शत्रूचा धुव्वा उडवितात असें वर्णन आहे. गोष्ट लोकांस आवडली. सेनाधिकाऱ्यांनींही ती वाचली असेल. परंतु गोष्ट वाचून कोणी कारखाना काढीत नाहीं. चालण्याचें साधन हातीं नव्हतें तोंपर्यंत ती करमणूकच राहिली.

हें चालण्याचें साधन कोठून आलें? तें आलें शेतांतून. अमेरिकेंत कॅलिफोर्निया प्रांतीं स्टॉकटन गांवाजवळ नदीमुखाची जमीन इतकी भुसभुशीत आहे कीं, वाफेवर चालणारे जड ट्रॅक्टर तींत रुतून बसत. चाकें रुंद करून पाहिलीं, तरी भागेना. तेव्हां बेंजामिन होल्ट नांवाच्या कारखानदारानें मागचीं चाकें काढून त्यांच्या जागीं लांकडी फळ्या जोडलेले साखळीचे फिरते पट्टे बसविले. २४ नोव्हेंबर १९०४ रोजीं या यंत्राची चाचणी झाली. गाडीनें स्वतःच आपल्यापुढें रस्ता अंथरावा, त्यावरून चालावें, आणि मागचा रस्ता गुंडाळून पुन्हां पुढें न्यावा, अशी ही युक्ति आहे. भार मोठ्या क्षेत्रावर पसरतो, म्हणून गाडी चिखलांत रुतत नाहीं. इंग्लंडांतही त्याच वर्षीं ग्रँथम येथील हॉर्न्सबी कंपनीच्या डेव्हिड रॉबर्ट्स या इंजिनिअरनें तशाच पट्ट्याचें पेटंट घेतलें होतें. पुढें तीन-चार वर्षांनीं त्या कंपनीनें आपलें यंत्र सैन्यास दाखविलें. शिपायांनीं त्याच्या चालीवरून त्यास ‘सुरवंट’ हें नांव दिलें. त्यावर तोफ बसवावी अशी सूचनाही एका अधिकाऱ्यानें केली. परंतु युद्धखात्यानें मनावर घेतलें नाहीं, आणि गिऱ्हाईक मिळेना म्हणून हॉर्न्सबी कंपनीनें महायुद्धापूर्वींच आपले हक्क अमेरिकेच्या होल्ट कंपनीस विकून टाकिले. घरचें बीं परदेशीं गेलें, तें असें!

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. ज्या कांटेरी तारेनें लाखों शिपायांची वाट अडविली, ती तारही शेतांतूनच आली होती. इलिनॉय प्रांतांतील जोसेफ ग्लिडन या शेतकऱ्यानें तिचें पेटंट १८७४ सालीं घेतलें, तें गुराढोरांनीं पिकांत शिरूं नये म्हणून. म्हणजे शेताचें कुंपण युद्धांत गेलें, आणि तें तोडण्यासाठीं शेताचा ट्रॅक्टरही युद्धांत गेला. शस्त्रांचीं शेतीचीं अवजारें होतील असा दिवस यशया संदेष्ट्यानें आपल्या दृष्टांतांत पाहिला होता. विसाव्या शतकानें प्रथम त्याच्या अगदीं उलट करून दाखविलें.

आतां ज्यांचें कोणीं ऐकिलें नाहीं अशा दोघांची हकीकत सांगितली पाहिजे. गुंटर बुर्स्टिन हा ऑस्ट्रियाच्या सैन्यांतील एक तरुण इंजिनिअर अधिकारी होता. १९११ सालीं त्यानें पट्ट्यांवर चालणाऱ्या आणि फिरत्या बुरुजांत तोफ असलेल्या एका लहान गाडीचा आराखडा तयार करून ऑस्ट्रियाच्या व जर्मनीच्या युद्धखात्यांपुढें ठेविला. दोघांनींही तो नाकारिला. दुसरा लॅन्सेलॉट डी मोल, हा ऑस्ट्रेलियांतील इंजिनिअर. त्यानें १९१२ सालीं आपला आराखडा लंडनच्या युद्धखात्याकडे पाठविला. त्यासही नकार आला, आणि कागद दप्तरांत पडून राहिले. पुढें टँक रणांगणांत उतरले, तेव्हां आपलेंच यंत्र दुसऱ्याच्या हातून तयार झालेलें त्यास पाहावें लागलें. त्याचा आराखडा प्रत्यक्ष तयार झालेल्या पहिल्या टँकहून कांहीं बाबतींत सरस होता, असें कमिशननेंच मागाहून मान्य केलें. म्हणजे बुद्धि होती, आराखडा होता. नव्हता तो ऐकणारा कान.

असा कान १९१४ सालीं मिळाला, तोही सरळ वाटेनें नव्हे. अर्नेस्ट स्विंटन हे इंग्रज सैन्याच्या इंजिनिअर शाखेंतील अधिकारी. त्यांचा जन्म १८६८ सालीं आपल्या बंगलोर शहरीं झाला होता. युद्धाच्या बातम्या लिहिण्याकरितां सरकारनें त्यांस फ्रान्सांत पाठविलें असतां, खंदक आणि मशीनगन यांनीं चालविलेला संहार त्यांनीं पाहिला. होल्ट कंपनीच्या ट्रॅक्टरविषयीं एका मित्रानें पूर्वीं कळविलेलें त्यांस आठवलें, आणि ऑक्टोबरमध्यें त्यांनीं ही कल्पना लंडनांत मॉरिस हँकी यांच्या कानांवर घातली. हँकी यांनीं डिसेंबरअखेर एक टिपण लिहून मंत्र्यांस दिलें. तें वाचून आरमारमंत्री विन्स्टन चर्चिल यांनीं १९१५ च्या जानेवारींत मुख्य प्रधानांस पत्र पाठविलें. सैन्यानें होल्ट ट्रॅक्टरची एक चाचणी १७ फेब्रुवारीस घेतली. परंतु पावसानें झालेल्या चिखलांत ती बिघडली, आणि सैन्याचा उत्साह तेथेंच मावळला. तेव्हां चर्चिल यांनीं हें काम आरमाराकडेच घेतलें! त्याच महिन्यांत त्यांनीं ‘भूनौका समिति’ नेमली. आरमाराचे जहाजरचनाकार यूस्टेस टेनिसन डेंकोर्ट हे तिचे अध्यक्ष झाले. जमिनीवरच्या युद्धाचें यंत्र जहाजें बांधणाऱ्यांनीं हातीं घ्यावें, हें विलक्षण खरें. परंतु त्यास एक कारण होतें. आरमाराच्या वैमानिक दलाजवळ बेल्जमकडील लढाईंत वापरलेल्या रोल्स-रॉइस चिलखती मोटारी होत्या. त्या रस्त्यावर उत्तम चालत, पण खंदक आला कीं थांबत. ही अडचण त्या दलानें स्वतः सोशिली होती. चर्चिल यांनीं सुमारें ७०,००० पौंडांचा खर्च स्वतःच्या जबाबदारीवर मंजूर केला, आणि त्याची वार्ता युद्धखात्यास अथवा खजिन्यास लागूं दिली नाहीं. या वर्तनाचा मी धडा म्हणून पुरस्कार करीत नाहीं. केवळ घडलें तें सांगतों.

समितीचें काम सुरळीत चाललें असें कोणी समजूं नये. चाळीस फूट व्यासाचीं प्रचंड चाकें असलेल्या गाड्याची एक योजना तिच्यापुढें आली होती. ती सोडून द्यावी लागली. अखेर लिंकन गांवांतील विल्यम फॉस्टर आणि कंपनी या कारखान्याकडे हें काम आलें. हा कारखाना मळणीयंत्रें व ट्रॅक्टर तयार करणारा; पुन्हां शेतच! त्याचे व्यवस्थापक विल्यम ट्रिटन आणि समितीकडून आलेले लेफ्टनंट वॉल्टर विल्सन यांनीं तेथील व्हाइट हार्ट हॉटेलच्या एका खोलींत बसून आराखडे काढिले. १९१५ च्या ऑगस्टांत काम सुरू झालें आणि सप्टेंबरांत पहिली गाडी हालली. परंतु शिकागोहून आणविलेले तिचे पट्टे लोंबत व चाकांवरून निसटत. ट्रिटन यांनीं दुसरे प्रकार करून पाहिले, तेही तुटले. शेवटीं २२ सप्टेंबरास दाबून घडविलेल्या पोलादी पत्र्यांचा नवा पट्टा त्यांस साधला, आणि त्यांनीं लंडनास अशी तार केली कीं, जणूं घरीं मूल जन्मलें आहे आणि त्याची प्रकृति उत्तम आहे! ही पहिली गाडी पुढें ‘लिट्ल विली’ या नांवानें ओळखली गेली.

तरीही मुख्य अडचण उरलीच होती. सैन्याची मागणी आठ फूट रुंदीचा खंदक ओलांडणाऱ्या गाडीची होती, आणि लिट्ल विलीला तें साधणारें नव्हतें. तेव्हां विल्सन यांनीं पट्टा गाडीच्या खालून न फिरवितां तिच्या सर्व अंगाभोंवतीं फिरविला आणि गाडीस तिरप्या चौकोनाचा आकार दिला. त्यामुळें तिचें नाक उंच झालें व समोरच्या बांधावर चढूं लागलें. ‘मदर’ म्हणजे आई, हें नांव मिळालेली ही गाडी १९१६ च्या जानेवारींत तयार झाली. २ फेब्रुवारीस हॅटफील्ड येथील बागेंत मुद्दाम खणलेल्या खंदकांवरून मंत्र्यांसमक्ष चालून दाखविण्यांत आली. आणि लवकरच शंभर गाड्यांची मागणी निघाली.

तिच्या नांवाची हकीकत मराठी वाचकांस विशेष गोड वाटेल. हें काम गुप्त ठेवावयाचें होतें. लोखंडी पेटीसारखा तो आकार पाहून कारखान्यांतील लोकांनीं हीं पाण्याचीं भांडीं समजावीं, म्हणून १९१५ च्या डिसेंबरांत ‘टँक’ हें नांव पसंत झालें. आतां हा इंग्रजी शब्द मुळांत कोठला? कोशकार त्याचें मूळ गुजराती-मराठी ‘टांकें’ या शब्दाकडे नेतात. पोर्तुगीज भाषेंतील तसल्याच एका शब्दाची त्यांत भर पडली असावी, असेंही सांगतात. आपल्या गडांवर खडकांत खोदलेलीं पाण्याचीं टांकीं आपण सर्वांनीं पाहिलीं आहेत. वेढ्यांत सांपडलेल्या माणसांचे प्राण राखणारा तो शब्द समुद्रापार जाऊन युद्धयंत्राचें नांव होऊन परत आला. टँकच्या नांवाला सुद्धां एक बाप नाहीं!

१५ सप्टेंबर १९१६ रोजीं सोमच्या रणांगणांत फ्लेर आणि कूर्सलेत या गांवांजवळ टँक प्रथम लढाईंत उतरले. ४९ टँक नेमले होते. त्यांतले ३२ आरंभाच्या जागीं पोंचले. बाकीचे वाटेंतच बिघडले अथवा रुतले. टँकचें वजन सुमारें २८ टन, इंजिन १०५ अश्वशक्तीचें, वेग ताशीं चार मैलांहून कमी, आणि आंत आठ माणसें. इंजिन त्याच खोलींत मध्यभागीं उघडें असे. त्याची उष्णता, विषारी धूर आणि आवाज यांनीं माणसें बेशुद्ध पडत. शब्द ऐकूं येत नसल्यामुळें लोखंडावर पान्हा आपटून इशारे द्यावे लागत. बाहेर बातमी धाडावयाची तर कबुतरें सोडीत. गाडी वळविण्यास चार माणसांनीं एकदम हात चालवावे लागत. वळण्याच्या सोयीसाठीं मागें जोडलेलीं दोन चाकें निरुपयोगी ठरलीं व लवकरच काढून टाकण्यांत आलीं. असें असूनही एक टँक फ्लेर गांवाच्या रस्त्यांतून पुढें गेला, मागून पायदळ गेलें, आणि सरसेनापति हेग यांनीं आणखी एक हजार टँक मागितले.

पुढील दोन वर्षांत शिकवण झाली ती चुकांतूनच. २० नोव्हेंबर १९१७ रोजीं कांब्रे येथें ४७६ टँक एकवटून कोरड्या जमिनीवर नेण्यांत आले. पूर्वींच्या लढायांत महिनोगणती न मिळालेली जमीन एका दिवसांत मिळाली. परंतु त्याच दिवशीं १७९ टँक निकामी झाले, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक शत्रूच्या तोफांनीं नव्हे, तर यंत्र बिघडून अथवा खड्ड्यांत अडकून. विजयाच्या आनंदांत इंग्लंडांतील देवळांच्या घंटा वाजल्या. दहा दिवस होतात न होतात तोंच जर्मनांनीं उलट हल्ला करून बरीचशी जमीन परत घेतली. ज्या मंदिरांत शांतीच्या प्रभूची उपासना होते, त्याच्या घंटा टँकच्या विजयासाठीं वाजाव्या, यावर प्रत्येक ख्रिस्ती माणसानें क्षणभर विचार करावा. ८ ऑगस्ट १९१८ रोजीं आमियें येथें चारशेंहून अधिक टँक लढले आणि जर्मन फळी फुटली. मात्र पांचव्या दिवशीं त्यांतील अवघे सहा लढण्यास लायक उरले होते. टँकनें एकट्यानें युद्ध जिंकिलें असें म्हणणारांनीं हा आंकडा लक्षांत ठेवावा.

इकडे फ्रान्सांत झां बातिस्त एस्तिएन या तोफखान्याच्या अधिकाऱ्यानें, इंग्रजांच्या कामाशीं संबंध नसतां, होल्ट ट्रॅक्टर पाहूनच तीच कल्पना काढिली होती. फ्रेंचांचे पहिले टँक १६ एप्रिल १९१७ रोजीं लढाईंत उतरले. परंतु त्यांचा फार मोठा नाश झाला. मग एस्तिएन यांच्या आग्रहानें मोटारींचा कारखानदार लुई रेनो यानें दोन माणसांचा, साडेसहा टनांचा लहान टँक तयार केला. इंजिन मागें, चालक पुढें, आणि वर सर्व बाजूंस फिरणारा बुरूज, ही त्याची रचना. आजचे बहुतेक रणगाडे तीच मांडणी घेऊन चालतात. जर्मनांनीं मात्र उशीर केला. त्यांचे स्वतःच्या बनावटीचे टँक युद्धसमाप्तीपर्यंत अवघे वीस झाले. इंग्रजांपासून हस्तगत केलेले टँकच त्यांस अधिक उपयोगी पडले. बुर्स्टिनचा आराखडा दप्तरांत ठेविल्याचें मोल दोन्ही देशांस असें द्यावें लागलें.

युद्ध संपल्यावर प्रश्न निघाला कीं, टँकचा जनक कोण? हक्क सांगणारे पुष्कळ पुढें आले. तेव्हां रॉयल कमिशननें १९१९ सालीं चौकशी केली. ट्रिटन व विल्सन या दोघांस मिळून १५,००० पौंड देण्यांत आले; स्विंटन व डेंकोर्ट यांस एकेक हजार; आणखी कांहींजणांस लहान रकमा. चर्चिल यांनीं बक्षीस मागितलें नव्हतें. परंतु त्यांच्या ग्रहणशक्तीमुळें, धैर्यामुळें व नेटामुळें या कल्पनेस आकार आला, असें कमिशननें नमूद केलें. आणि डी मोल? त्याच्या बुद्धीची कमिशननें मनापासून स्तुति केली, पण बक्षीस दिलें नाहीं. कारण त्याच्या आराखड्यावरून तो टँक तयार झाला नव्हता. त्यास खर्चापुरती रक्कम आणि पुढल्या वर्षीं एक पदवी मिळाली. निकाल कायद्यास धरून होता. वाचणाऱ्याच्या मनास मात्र तो अद्याप बोंचतो.

कमिशननें एकास जनक ठरविलें नाहीं, यांतच मला त्याचें शहाणपण दिसतें. होल्टच्या पट्ट्यावांचून स्विंटनची कल्पना लंगडी, स्विंटनवांचून हँकीचें टिपण कोरें, चर्चिलवांचून समिति नाहीं, आणि ट्रिटन-विल्सनवांचून समितीजवळ केवळ ठराव. ज्या कामगारांनीं पत्र्यास पत्रा जोडला आणि ज्या शिपायांनीं त्या भट्टींत बसून यंत्राचे दोष दाखवून दिले, त्यांचीं नांवें कमिशनपुढें आलींच नाहींत. परंतु १९१८ सालीं विल्सन यांनीं एकाच चालकास वळवितां येईल असा टँक तयार केला, तो त्याच शिपायांच्या कष्टांवरून शिकून.

यावर कोणी म्हणेल कीं, समित्या कधीं शोध लावीत नाहींत. एखाद्या हट्टी माणसाच्या ध्यासावांचून जगांत कांहीं नवें होत नाहीं. ध्यास हवा, हें मीही मान्य करितों. डी मोलजवळ ध्यास कमी नव्हता. तो एकटा पडला, म्हणून त्याचा आराखडा कागदावर राहिला. ट्रिटन आणि विल्सन एकटे नव्हते, म्हणून त्यांच्या चुकाही उपयोगी पडल्या. एकाच महापुरुषाची पूजा करण्यास शिकलेला मुलगा दोन प्रकारें बिघडतो. कुशाग्र असेल तर त्यास वाटतें कीं दुसऱ्याचें ऐकण्याची गरज नाहीं. सामान्य असेल तर वाटतें कीं आपल्या हातून कांहीं होणेंच नाहीं. हें नुकसान त्या एका गुणाहून फार मोठें आहे.

याहून गंभीर अशी एक गोष्ट आहे. श्रेय जर अनेकांत वांटलें जातें, तर जबाबदारीही वांटली जाते. स्विंटन यांचा हेतु आपल्या शिपायांचे प्राण वांचविण्याचा होता, आणि पुष्कळ प्राण वांचलेही. परंतु तेंच यंत्र वीस वर्षांनीं अधिक वेगवान होऊन पोलंडांत आणि फ्रान्सांत शिरलें, तेव्हां त्यानें राष्ट्रेंच्या राष्ट्रें चिरडून टाकिलीं. शोधकाच्या हेतूला यंत्र बांधलेलें राहत नाहीं. अशा वेळीं पट्टा करणारा म्हणतो, “मी ट्रॅक्टर केला”, कारखानदार म्हणतो, “मला हुकूम होता”, मंत्री म्हणतो, “राष्ट्राची मागणी होती”, आणि कर देणारा नागरिक म्हणतो, “मला कोणीं विचारिलें?” प्रत्येकाचें उत्तर खरें आहे, आणि प्रत्येकाचें अपुरें आहे. यंत्राचा जनक एकच मानला कीं बाकीच्यांस हात झटकून मोकळें होतां येतें. म्हणून एकाच जनकाची कथा आपणां सर्वांस इतकी प्रिय असते, असें मला वाटतें.

अहमदनगर, म्हणजे आतांचें अहिल्यानगर, येथें १९९४ सालीं स्थापन झालेलें रणगाड्यांचें एक संग्रहालय आहे. तेथें निरनिराळ्या देशांचे रणगाडे आणि ज्या जातीच्या मोटारींनीं भूनौका समितीस चालना दिली तसली एक रोल्स-रॉइस चिलखती मोटारही ठेविलेली आहे. भाले घेऊन लढणारा डेक्कन हॉर्स रिसाला आज रणगाड्यांचा रिसाला आहे, हें तेथें गेल्यावर सहज आठवेल. पालकांनीं मुलांस तें अवश्य दाखवावें. मुलें तोफेची लांबी विचारतील, वजन विचारतील. तीं विचारूं द्यावींत. मग त्यांस त्या पट्ट्यांजवळ उभें करून सांगावें कीं, हा पट्टा चिखलांत रुतणाऱ्या शेतकऱ्याच्या यंत्रासाठीं जन्मास आला, आणि आजही तोच पट्टा ट्रॅक्टरांस व बुलडोझरांस लावून माणसें बांध घालतात, कालवे खणतात आणि पडीक जमिनी लागवडीस आणितात. पट्ट्यास दोन्ही कामें सारखींच. त्यास कोणतें काम द्यावयाचें, हें ठरविणारी माणसें मात्र सारखीं नसतात.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकीं कोणी पुढें इंजिनिअर होईल, कोणी अधिकारी, कोणी कारखान्यांत पत्र्यास पत्रा जोडील, आणि कोणाच्या टेबलावर दूरदेशच्या एखाद्या अनोळखी माणसाचा आराखडा येऊन पडेल. तो उघडून वाचावा. आणि आपल्या हातून जें यंत्र पुढें जाणार असेल, तें कोणत्या रानांत जाणार आहे हेंही विचारावें. तेवढें केलें, तर परीक्षेंतल्या त्या एका प्रश्नास “एक नांव देतां येत नाहीं” असें उत्तर लिहून एक गुण गमवावा लागला, तरी वाईट वाटण्याचें कारण नाहीं.